जपानी तलवार : संग्राहकाच्या दृष्टीने ओळख, निवड आणि जतन

प्रस्तावना :

आपल्याकडे ऐतिहासिक तलवार ओळखली जाते ती बहुधा ती धारण करणाऱ्या वीराच्या नावाने. जपानमध्ये मात्र तलवारीची ओळख प्रामुख्याने ती घडविणारा लोहार, त्याचे घराणे आणि त्याचा प्रांत यांवरून ठरते. तेथील जाणकारांच्या दृष्टीने पाते हीच कलाकृती होय. मूठ, म्यान आणि त्सुबा नावाची हातरक्षक चकती हा तिचा पोशाख. पोशाख कालमानानुसार बदलत असे, पाते तेच राहत असे. म्हणूनच साध्या, रंगरोगण नसलेल्या लाकडी म्यानात ठेवलेले पाते हे सोन्यारुप्याने मढविलेल्या तलवारीपेक्षा कितीतरी मूल्यवान असू शकते. हा दृष्टिभेद ध्यानात न घेतल्यामुळे नवा संग्राहक प्रथम मूठ पाहतो आणि तेथेच फसतो.

भारतात जपानी तलवारी दोन मार्गांनी आलेल्या दिसतात. १९४५ साली आग्नेय आशियातील जपानी सेनाधिकाऱ्यांनी आपल्या तलवारी समारंभपूर्वक स्वाधीन कराव्यात, असा लॉर्ड माउंटबॅटन यांचा आग्रह होता. ब्रह्मदेश व मलायातील मोहिमांनंतर अशा काही तलवारी भारतीय पलटणींकडे आणि सैनिकांच्या घरी पोहोचल्या. दुसरा मार्ग परदेशी विक्रेते व लिलावगृहे यांच्याकडून होणाऱ्या खरेदीचा. दोन्ही प्रसंगी हानीचा संभव असतो. बनावट पाते अस्सल समजून घेतले तर पैसा जातो. अस्सल पाते घासूनपुसून लख्ख केले तर पाचशे वर्षांचा पुरावा एका दुपारी नाहीसा होतो आणि तो कोणत्याही किमतीस परत मिळत नाही. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या हानीकडे अधिक लक्ष वेधावयाचे आहे.

प्रकार व कालखंड :

पात्याची लांबी जपानी शाकू या मापात मोजतात. एक शाकू म्हणजे सुमारे ३०.३ सेंटिमीटर. एक शाकूपर्यंतचा तांतो, एक ते दोन शाकूंमधील वाकिझाशी आणि दोन शाकूंहून लांब ती काताना किंवा ताची, अशी स्थूल विभागणी आहे. ताची कमरेला धार खाली करून लटकवीत, तर काताना धार वर करून पट्ट्यात खोवीत. लोहार सामान्यतः आपली सही अंगाच्या बाहेरील बाजूस येईल अशी कोरीत असल्यामुळे सही कोणत्या बाजूस आहे यावरून पाते मुळात ताची होते की काताना, याचा अंदाज बांधता येतो.

कालदृष्ट्या १५९६ पूर्वीची पाती ‘कोतो’ म्हणजे जुनी, त्यानंतर सुमारे १७८० पर्यंतची ‘शिंतो’ आणि पुढे १८७६ पर्यंतची ‘शिंशिंतो’ म्हणून ओळखली जातात. १८७६ साली मेइजी शासनाने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगण्यास बंदी केली आणि लोहारांचा व्यवसाय जवळजवळ बसला. कोतो काळातील पात्यांचे यामाशिरो, यामातो, बिझेन, सोशू आणि मिनो या पाच प्रांतिक परंपरांत वर्गीकरण केले जाते. जुने ते श्रेष्ठ, हा समज मात्र सोडून द्यावा. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीच्या काळात बिझेन व मिनो येथे पायदळासाठी शेकड्यांनी साधी पाती घडविली गेली. त्यांच्यापेक्षा सतराव्या शतकातील एखाद्या उत्तम लोहाराचे निर्दोष पाते संग्राह्य ठरते.

पाते कसे घडते :

काय पाहावयाचे हे समजण्यासाठी पाते कसे घडते हे थोडक्यात जाणून घेणे आवश्यक आहे. पारंपरिक पोलादास तामाहागाने म्हणतात. लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा मातीच्या भट्टीत तीन दिवस व तीन रात्री आळीपाळीने घालून ते तयार होते. ही ‘तातारा’ पद्धती युद्धानंतर लोप पावली होती. जपानी कलातलवार संरक्षण संस्थेने १९७७ साली शिमाने प्रांतातील ओकुइझुमो येथे तिचे पुनरुज्जीवन केले. एका खेपेस सुमारे १० टन वाळू व १२ टन कोळसा लागतो आणि अडीच टनांच्या आसपास गोळा निघतो. त्यातलाही काही भागच तलवारीच्या योग्यतेचा असतो.

हे पोलाद एकजिनसी नसते. लोहार ते तापवून, घणाने ठोकून, दुमडून पुन्हा जोडतो. दहा वेळा दुमडल्यास हजाराहून अधिक थर होतात. लाखो दुमडी घातल्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांत तथ्य नाही. अति दुमडण्याने कार्बन जळून जातो आणि पोलाद निःसत्त्व होते. दुमडण्याचा हेतू मळ काढणे आणि कार्बन सर्वत्र सारखा पसरविणे हा आहे. या थरांमुळे पृष्ठभागावर लाकडाच्या रेषांसारखी जी नक्षी दिसते तिला ‘हादा’ म्हणतात. आपल्याकडील मुशीत वितळविलेल्या वूट्झ पोलादावर दिसणारी जौहराची नक्षी वेगळी. ती थरांतून नव्हे, तर पोलादातील स्फटिकीभवनातून उपजते. बहुतेक पात्यांत आतला गाभा मऊ लोखंडाचा आणि बाहेरचे आवरण कठीण पोलादाचे असते.

सर्वांत निर्णायक क्षण पाणी देण्याचा. मराठीत ‘पाणीदार’ हा शब्द ज्या क्रियेतून आला तीच ही क्रिया. जपानी लोहाराने तिला चित्रकलेचे रूप दिले. पात्यावर माती, कोळशाची पूड व दगडाची भुकटी यांचा लेप लावतात. हा लेप पाठीकडे जाड व धारेकडे पातळ असतो. नंतर तापलेले पाते पाण्यात बुडविले की धार क्षणात थंड होऊन अतिकठीण होते, पाठ सावकाश निवते व चिवट राहते. कठीण झालेले पोलाद प्रसरण पावते आणि त्यामुळे पाते पाठीकडे वाकते. जपानी तलवारीच्या वक्रतेचा मोठा भाग असा पाण्यात जन्मतो. कित्येक पाती याच वेळी तडकतात. कठीण आणि मऊ भागांच्या सीमेवर जी धूसर, शुभ्र रेषा उमटते ती ‘हामोन’. सरळ, लाटांसारखी, लवंगेच्या कळ्यांसारखी अशी तिची अनेक रूपे असून त्यांवरून परंपरा ओळखता येते.

हामोन डोळ्यांसमोर सरळ धरून दिसत नाही. पाते एका दिव्याकडे रोखून, हळूहळू कलते करीत पाहावे. अस्सल हामोनच्या सीमेवर सूक्ष्म चमकते कण अथवा धुक्यासारखी पट्टी पोलादाच्या आत असल्याप्रमाणे भासते. आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने उमटविलेली नक्कल पृष्ठभागावरच राहते. तीत खोली नसते. हा फरक शब्दांनी शिकविणे कठीण आहे. म्हणून पहिली खरेदी करण्यापूर्वी संग्रहालयांत जितकी पाहता येतील तितकी पाती पाहावीत आणि पहिला खर्च तलवारीवर न करता पुस्तकांवर करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नाकागो : मुठीआडचा पुरावा :

पात्याचा जो भाग मुठीत शिरतो त्याला ‘नाकागो’ म्हणतात. बांबूची एक खुंटी काढली की मूठ उतरते आणि हा भाग उघडा पडतो. येथे लोहाराची सही, क्वचित तारीख, कानशीचे ओरखडे, खुंटीची छिद्रे आणि गंज असतो. यांपैकी गंज हाच सर्वांत बोलका साक्षीदार आहे. लोहाराने काम संपविल्यावर नाकागो मुद्दाम तसाच सोडला जातो. शतकानुशतके चढलेला गंज गडद, काळपट तपकिरी व गुळगुळीत होतो. अलीकडचा गंज तांबूस व भुसभुशीत असतो. सहीच्या कोरीव रेषांमधील गंज आणि भोवतालचा गंज यांत मेळ नसेल, तर सही नंतर कोरलेली आहे असा संशय घ्यावा.

नाकागो कधीही स्वच्छ करू नये, हा या विषयातील पहिला नियम आहे. लेखकाच्या पाहण्यात आलेली एक तलवार १९४५ नंतर ब्रह्मदेशातून घरी आलेली होती. वरून लष्करी मूठ आणि म्यान, आत मात्र स्पष्टपणे जुने, आखूड केलेले पाते. पुढील पिढीतील कुणीतरी सही ‘नीट वाचता यावी’ म्हणून नाकागो पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला होता. सही वाचता येत होती. ती खरी की खोटी हे सांगण्याचा मुख्य आधार मात्र उरला नव्हता. हेतू चांगला होता, म्हणूनच ही गोष्ट अधिक जिव्हारी लागते.

सहीच्या बाबतीत नवख्या संग्राहकाचा भ्रम मोठा असतो. बनावट सह्या कोरण्याची प्रथा जपानमध्ये फार जुनी असून कित्येक उत्तम पाती अशा खोट्या सहीचे ओझे वाहत आहेत. सतराव्या शतकातील नागासोने कोतेत्सू याच्या नावाच्या इतक्या नकला झाल्या, की हे नाव दिसताच प्रथम ती नक्कल मानावी, असा जाणकारांचा रिवाज आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळातील मासामुने याची लांब पाती बिनसहीचीच प्रसिद्ध आहेत. त्यामुळे ‘मासामुने’ अशी सही असलेली लांब तलवार विकावयास आली तर हसून पुढे जावे. याउलट सही नसणे हा दोष नव्हे. जुन्या लांब ताची पुढील काळात नाकागोच्या बाजूने कापून आखूड केल्या गेल्या आणि त्यात सही गेली. एकाहून अधिक छिद्रे दिसतात ती बहुधा याच कारणाने. काही वेळा सहीचा तुकडा दुमडून किंवा चौकोनी कापून नव्या नाकागोत बसविलेला आढळतो. आणखी एक गोष्ट : एकच नाव अनेकांचे असते. बिझेन प्रांतातील ओसाफुने गावी सुकेसादा हे नाव लावणारे लोहार पुष्कळ होते. नुसती ‘सुकेसादा’ अशी सही आणि लोहाराच्या व्यावहारिक नावासह केलेली सही यांत दर्जाचा व किमतीचा मोठा फरक पडतो.

दोष : क्षम्य आणि अक्षम्य :

जुन्या पात्यात बारीक उघडे सांधे, एखादा फोड, किरकोळ खड्डे असणारच. ते मान्य करून किंमत ठरवावी. परंतु धारेतून आडवी गेलेली केसासारखी भेग, जिला ‘हागिरे’ म्हणतात, ती अक्षम्य समजली जाते, कारण ती पात्याच्या कामालाच बाधक आहे. ती उजेडात धार फिरवून शोधावी लागते. दुसरे पाहावयाचे ठिकाण टोक. हामोन टोकात शिरून पाठीकडे वळली पाहिजे. ती कडेवरून निसटून गेलेली असेल तर टोक मोडून पुन्हा आकार दिला गेला आहे. आगीत सापडून पाणी उतरलेली पाती पुन्हा पाणी देऊन उभी केली जातात. इतिहास म्हणून ती मोलाची असली तरी संग्राहकांत त्यांची किंमत बरीच उतरते. प्रत्येक घासाईत पोलाद झिजते. वारंवार घासलेल्या पात्यात आतले मऊ लोखंड डोकावू लागते. जपानी पद्धतीची घासाई हे वर्षानुवर्षे शिकावयाचे कौशल्य असून सामान्य पात्याच्या बाबतीत तिचा खर्च पात्याच्या मूल्यापेक्षा अधिक होऊ शकतो. गावातील धार लावणाऱ्याकडे असे पाते देणे म्हणजे ते गमावणे.

युद्धकालीन तलवारींचा वेगळा विचार करावा लागतो. सैन्यासाठी फार मोठ्या संख्येने बनविलेली बहुतेक पाती कारखानी पोलादाची होती आणि कित्येकांना तेलात पाणी दिले होते. नाकागोवरील ठसे हे त्याचे लक्षण असू शकते. तथापि काही लोहार तेव्हाही परंपरेनुसार काम करीत होते आणि काही अधिकारी घरातील जुने पाते लष्करी मुठीत बसवून नेत. त्यामुळे लष्करी साज दिसताच पाते टाकाऊ ठरवू नये आणि अमूल्यही ठरवू नये. मूठ उतरवून पाहावे.

प्रमाणपत्रे व कायदा :

कागदांविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. जपानमध्ये पारंपरिक तलवारीसोबत असणारे नोंदणीपत्र हे केवळ बाळगण्याचे कायदेशीर कागद असून ते प्रांतिक शिक्षण मंडळाकडून मिळते. ते गुणवत्तेचे किंवा सहीच्या सत्यतेचे प्रमाणपत्र नव्हे, तरीही विक्रेते ते तसे पुढे करतात. परीक्षणाचे काम १९४८ साली स्थापन झालेली उपरोक्त कलातलवार संरक्षण संस्था करते. तिच्या होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो आणि तोकुबेत्सु जूयो अशा चढत्या श्रेणी आहेत. नव्या संग्राहकाने पहिल्या दोन श्रेणींतील, विक्रेत्याच्या नव्हे तर संस्थेच्या कागदासह असलेले पाते घ्यावे, हे सुरक्षित. १९८२ मध्ये ही श्रेणीव्यवस्था सुरू होण्यापूर्वीची जुनी प्रमाणपत्रे सावधपणे स्वीकारावीत.

जपानबाहेर तलवार नेण्यासाठी तेथील सांस्कृतिक व्यवहार विभागाचे निर्यात-प्रमाणपत्र लागते. राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झालेली पाती विकून देशाबाहेर नेता येत नाहीत. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्रांच्या आयातीस परवाना आवश्यक आहे आणि शस्त्र नियम, २०१६ मध्ये तलवारींचा समावेश धारदार शस्त्रांत होतो. तेव्हा पैसे पाठविण्यापूर्वी जिल्हा परवाना शाखेत व सीमाशुल्क विभागात चौकशी करावी, नंतर नव्हे.

जतन :

पात्याला उघड्या बोटांचा स्पर्श होऊ देऊ नये. घामातील क्षारांनी काही दिवसांत ठसा उमटतो. म्यानातून काढताना धार वर ठेवावी आणि पाते म्यानाच्या पाठीवर सरकवीत काढावे. जुने तेल मऊ कागदाने पुसून लवंगतेलाच्या जपानी मिश्रणाचा किंवा शुद्ध हलक्या खनिज तेलाचा अगदी पातळ थर द्यावा. खोबरेल किंवा खाद्यतेल वापरू नये, ते चिकटते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात दर काही आठवड्यांनी पाहणी आवश्यक ठरते. चामड्याच्या पिशवीत किंवा ओलसर म्यानात पाते ठेवल्यास गंज निश्चित. नाकागोला तेलाचा पुसट हात पुरे, तोही गंज न चोळता.

आपल्या घरांतून खंडेनवमीस शस्त्रे चिंच, लिंबू किंवा राखुंडीने घासून त्यांवर हळदकुंकू वाहण्याची प्रथा आहे. देशी तलवारीला ते कदाचित सोसेल. जपानी पात्याची घासाई आम्लाच्या एका हाताने जाते आणि ओले कुंकू रात्रभर राहिले तर त्याखाली गंजाचा डाग पडतो. घरात असे पाते असल्यास पूजा म्यानाची करावी आणि पाते त्या दिवशी बाहेर काढू नये.