डबा समोर आहे, पण कोणाचा?

एमआयएसच्या पेपरात 'माहिती प्रणालीचे संस्थेतील महत्त्व' हा प्रश्न आला की आपण सगळे तेच पाच मुद्दे खरडून येतो. त्याचं खरं उत्तर आपल्याच शेजारी, उरणच्या वाटेवर आहे. न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात.

२७ जून २०१७, मंगळवार. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' नावाचा मालवेअर सुटला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या नेटवर्कमध्ये घुसला. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल मर्स्कच्याच समूहातली कंपनी चालवते. तेही ठप्प!

गंमत बघा, क्रेन धडधाकट होत्या, माणसंही होती. पण यार्डात हजारो कंटेनर एकावर एक रचलेले असतात. कुठला डबा कितव्या रांगेत, कितव्या थरात, कुठल्या जहाजावर चढायचाय, हे फक्त सिस्टिमला ठाऊक. ती गेली की उरतात नुसते रंगीत लोखंडी डबे. तळातला एक काढायला वरचे हलवायचे, तेही अंदाजाने? काम हातानं करायची वेळ आली. बाहेर ट्रेलर तुंबणार म्हणून बंदराला जादा पार्किंगची सोय करावी लागली. त्यात चारच दिवसांनी, १ जुलैला, जीएसटी लागू होणार होता. म्हणजे व्यापाऱ्यांची आधीच धावपळ.

'बदलत्या व्यवसायात सिस्टिम मदत करते' असं नोट्समध्ये असतं. मला हे वाक्य फारच मवाळ वाटतं. इथे सिस्टिम म्हणजे बंदराची स्मरणशक्तीच होती, आणि तिची दोरी थेट युक्रेनपर्यंत बांधलेली.

मर्स्कने दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे केले. नुकसानीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलर. पण नेटवर्कमध्ये कोणाला कुठवर प्रवेश, याची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. वाचला एकच, आफ्रिकेतल्या घानाचा. का? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! (लोडशेडिंगला शिव्या देणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

तो डेटा इंग्लंडला पाठवायला इंटरनेट पुरेना. घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण हार्ड डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनच्या विमानात बसला.