निऱ्या मागे, टाय पुढे

भाच्याच्या लग्नाला स्कॉटलंडला जायचे ठरले तेव्हा थंडीची मी पुष्कळ तयारी केली होती. पण निऱ्यांचा पोषाख करून चर्चमध्ये उभे राहावे लागेल, हे काही ध्यानीमनी नव्हते. एडिंबरोला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही किल्ट घालायचा हं. बाबा असते तर त्यांनी घातला असता. आता त्यांच्या जागी तुम्हीच."

यावर काय बोलणार? आमचे भावोजी जाऊन चार वर्षे झाली. मी मुकाट्याने रॉयल माइलवरच्या एका दुकानात गेलो. तिथे हा सारा पोषाख भाड्याने मिळतो.

किल्ट नेसणे अवघड असेल असे वाटले होते. ते सोपे निघाले. सुमारे आठ वार लोकरी कापड, निऱ्या सगळ्या मागे, पुढची बाजू सपाट. खिसा नाही, म्हणून कमरेला स्पोरन नावाची चामड्याची पिशवी. मी कुठल्याच स्कॉटिश कुळातला नाही, म्हणून दुकानदाराने 'ब्लॅक वॉच'ची चौकडी काढली: गडद निळी, हिरवी आणि काळी. 1739 साली उभ्या राहिलेल्या पलटणीची ही चौकडी. ती परक्यानेही खुशाल नेसावी. घोडे अडले ते टायपाशी!

मी हौसेने त्याच चौकडीचा टाय आधीच विकत घेऊन ठेवला होता. तो पाहून दुकानदार गालात हसला. त्याच्या सांगण्याचा मथितार्थ असा, की खिडकीचा पडदा आणि खुर्चीची खोळ एकाच ताग्यातून बेतल्यासारखे दिसेल. किल्ट चौकडीचा, तर टाय साधा. त्याचा रंग किल्टमधलाच एखादा घ्यावा, पण फार भडक नको. लग्न दिवसा आहे, अंगात ट्वीडचे जाकीट आहे, तेव्हा चकचकीत रेशमापेक्षा लोकरीचा टाय बरा. संध्याकाळच्या मेजवानीला प्रिन्स चार्ली कोट घातला, तर मात्र काळा बो. लोकर जाड, म्हणून गाठ लहान आणि साधी. आणखी एक गंमत म्हणजे किल्ट बेंबीपाशी बांधतात, पाटलोणीपेक्षा बराच वर. त्यामुळे नेहमीचा टाय लांब होऊन स्पोरनवर लोंबू लागतो. त्याचा शेंडा वेस्टकोटात गेलाच पाहिजे.

एका टायसाठी एवढा काथ्याकूट! पण या पोषाखाचा इतिहास आठवला की हसू येत नाही. कलोडनच्या लढाईनंतर 1746 च्या कायद्याने डोंगराळ मुलखातल्या पुरुषांना तो घालायची बंदी झाली. मुभा राहिली ती पलटणीतल्या शिपायांना. बंदी उठली 1782 साली. पुढे 1822 मध्ये सर वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने राजा चौथा जॉर्ज स्वतः किल्ट घालून एडिंबरोत मिरवला. ज्या कपड्यासाठी पूर्वजांनी तुरुंग पाहिला, तो पाहुण्याने नीटनेटका घालावा, असे यजमानांना वाटले तर त्यात नवल काय?

रात्री भाच्याने आपली बॅग उघडली आणि कागदात गुंडाळलेला एक टाय काढला. बाटलीसारखा गडद हिरवा, लोकरीचा, कडेला थोडा विरलेला. भावोजी पुण्याच्या थंडीत कारखान्यात जाताना हाच बांधायचे. त्यांच्याकडे लोकरी टाय होता तो एवढाच.

"मी बांधणार होतो," तो म्हणाला, "पण मुलाकडच्या आम्हा सगळ्यांचे टाय एकसारखे ठरलेत. मामा, हा तुम्ही बांधा."

किल्टवर धरून पाहिला. हिरव्या रेघेशी रंग असा जुळला, की दुकानदारानेही दुसरा सुचवला नसता.

सकाळी गाठ काही माझ्याने जमेना. शेवटी भाच्यानेच बांधली, वडिलांनी शिकवली होती तशी. चर्चच्या दाराशी आमचे स्कॉटिश व्याही पुढे आले, त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि माझा हात घट्ट दाबला. मागून ताई आली. पाहते तो टायचा शेंडा वेस्टकोटाबाहेर! तिने तो हलकेच आत सारला.

"यांचाही नेहमी बाहेरच यायचा," एवढेच ती म्हणाली, आणि आम्ही आत गेलो.