‘चोळू नकोस’ एवढ्याने भागत नाही

होळीच्या आसपास डोळ्यांच्या ओपीडीत काही मुलं हमखास दिसतात. वय साधारण पाच ते बारा, त्यातही मुलगे जास्त. उजेड सोसवत नाही म्हणून मान खाली, डोळे किलकिले, आणि मुठीने, मनगटाने, शर्टाच्या बाहीने डोळे चोळणं अखंड चालू. सोबतची आई डॉक्टरांना सांगते, ‘‘अहो, याला सवयच लागलीये. कितीही ओरडा, ऐकतच नाही.’’ ही सवय नव्हे. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीची खाज मोठ्या माणसालाही आवरत नाही इतकी तीव्र असते. तिच्यासाठी मुलाला रागावणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

खाज हीच या आजाराची मुख्य खूण. नुसता लाल डोळा काहीच सांगत नाही, कारण तो पन्नास कारणांनी लाल होतो. 2023च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली होती, ती आठवून पाहा. साथीत डोळे येतात तेव्हा आधी बहुधा एक डोळा धरतो, मग दुसरा. डोळ्यात खुपतं, टोचतं, सकाळी पापण्या चिपडांनी चिकटलेल्या असतात आणि घरात एकाला झालं की बाकीच्यांनाही होतं. अ‍ॅलर्जीत दोन्ही डोळे एकदमच खाजू लागतात, नाकाकडच्या कोपऱ्यात विशेष. पाणी पातळ असतं, पापण्या सुजतात, जोडीला सटासट शिंका येतात. आणि हे सगळं दरवर्षी त्याच सुमारास होतं. मात्र एकच डोळा लाल झाला, तो ठणकतोय किंवा नजर अंधुक झालीये, तर ‘अ‍ॅलर्जीच असेल’ म्हणून घरी बसू नये. त्याच दिवशी डोळे दाखवावेत.

लंडनमध्ये 1819 साली जॉन बॉस्टॉक या डॉक्टरने दर उन्हाळ्यात उद्भवणारा डोळ्यांचा आणि छातीचा एक विकार सहकाऱ्यांपुढे मांडला. रुग्ण तो स्वतःच होता. कारण उन्हाचा ताप असावा, असं त्याला वाटलं. खरं कारण शोधलं मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकले याने, आणि तोही याच आजाराने बेजार होता. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्या हवेत ठेवून त्यांवर बसलेले परागकण तो सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. उंचावरच्या हवेत पराग असतात का हे पाहायला त्याने काचपट्ट्या पतंगाला बांधून आकाशात सोडल्या. स्वतःच्या डोळ्यातही पराग घालून पाहिले. 1873मध्ये त्याने हे सारं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलं आणि पराग हेच कारण आहे हे दाखवून दिलं.

गवताचा एक परागकण म्हणजे मिलिमीटरचा तिसावा-चाळिसावा भाग. तो डोळ्यात पडला की त्यातली प्रथिनं अश्रूंमध्ये विरघळतात आणि पापणीच्या आतल्या पातळ आवरणात शिरतात. तिथे मास्ट पेशी असतात. ज्याला अ‍ॅलर्जी आहे त्याच्या मास्ट पेशींवर त्या विशिष्ट प्रथिनाला ओळखणारी ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडं आधीपासून चिकटलेली असतात. ओळख पटली की पेशी हिस्टॅमिन बाहेर सोडते. काही मिनिटांतच रक्तवाहिन्या रुंदावतात, डोळा लाल होतो, सुजतो, खाजतो.

कोणत्या झाडाचा पराग, याबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. दोष येतो पळसावर, गुलमोहरावर, बोगनवेलीवर, कारण ती डोळ्यात भरतात. पण भडक फुलांची झाडं परागीकरणासाठी पाखरांवर आणि किड्यांवर विसंबून असतात. त्यांचे पराग जड, चिकट असतात आणि सहसा हवेत दूर जात नाहीत. खरा त्रास देतात ती फुलं कोणाच्या लक्षातही येत नाहीत. वावळ घ्या. थंडी सरता सरता निष्पर्ण फांद्यांवर त्याला बारीक, मळकट फुलं येतात आणि वारा त्यांचे पराग घेऊन जातो. गवतांचा मोसम पावसाळ्याच्या शेवटी असतो, आणि त्यांत आपली साधी हरळीसुद्धा येते. शिवाय गाजरगवत आहेच. आयात गव्हाबरोबर ते भारतात आलं असं मानलं जातं, आणि 1950च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेस आलं. आज रिकामा प्लॉट दिसला की तिथे गाजरगवत असतंच. म्हणून आपल्याकडे कोणाचे डोळे फेब्रुवारी-मार्चमध्ये बिघडतात, तर कोणाचे दसऱ्याच्या सुमाराला. ज्यांना बारा महिने त्रास होतो त्यांनी गाद्या-उशांतल्या धूळकिड्यांवर संशय घ्यावा.

सुरुवातीला सांगितलेल्या मुलांचा आजार यापेक्षा जास्त हट्टी असतो. डॉक्टर त्याला व्हर्नल किंवा स्प्रिंग कॅटार म्हणतात. उष्ण, कोरड्या, धुळीच्या प्रदेशात तो जास्त आढळतो. तपासताना वरची पापणी उलटून पाहावी लागते. एरवी तिची आतली बाजू गुलाबी, गुळगुळीत असते. या मुलांच्या पापणीत मात्र चपट्या माथ्याचे उंचवटे एकाला एक लागून, फरसबंदीसारखे बसलेले दिसतात आणि त्यांच्या खाचांतून पांढरट, चिकट, ओढली तर लांबत जाणारी तार निघते. बुबुळाच्या कडेला बारीक पांढरे ठिपके येतात. डोळ्याचा पांढरा भाग हळूहळू तपकिरी, मळकट होतो. प्रत्येक उघडझापीला ती खडबडीत पापणी बुबुळावर घासते. आजार बळावला तर बुबुळावर जखम होते.

चोळण्याने मास्ट पेशी आणखी फुटतात, हिस्टॅमिन आणखी सुटतं आणि खाज वाढते. वर्षानुवर्षं चोळत राहिलं तर बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येण्याचा, म्हणजे केरॅटोकोनसचा धोका वाढतो. अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर दर काही महिन्यांनी वाढत असेल तर नुसता चष्मा बदलून गप्प बसू नका. बुबुळाचा नकाशा काढून घ्या.

घरी करण्यासारखं बरंच आहे. खाज सुटली की स्वच्छ रुमालात बर्फ गुंडाळून मिटलेल्या डोळ्यांवर ठेवा. बाहेरून आल्यावर चेहरा धुवा, निजण्यापूर्वी केसही. दुचाकीवर डोळे बाजूनेही झाकणारा गॉगल वापरा. कृत्रिम अश्रूंचे थेंब फ्रिजच्या दारात ठेवून गार घातले तर पराग धुऊन जातात आणि आरामही पडतो. मध, गुलाबपाणी, काजळ, तूप यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. अ‍ॅलर्जीवर डॉक्टर सहसा ओलोपॅटाडीन किंवा किटोटिफेनचे थेंब देतात. ते हिस्टॅमिनला अडवतात आणि मास्ट पेशींनाही शांत ठेवतात. ज्याचा मोसम ठरलेला आहे त्याने तो सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावं. लाली पटकन घालवणारे थेंब टाळावेत. ते थांबवले की डोळा पुन्हा लाल होतो.

मला सर्वात जास्त काळजी वाटते ती स्टिरॉइडच्या थेंबांची. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांचे थेंब दिवसा-दोन दिवसांत मुलाला झकास आराम देतात, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. डॉक्टरांनी दोन आठवड्यांसाठी लिहून दिलेली बाटली पुढच्या वर्षी जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा चिठ्ठीशिवायच, मेडिकलमधून पुन्हा आणली जाते. मग शेजारच्या मुलालाही तीच सांगितली जाते. या औषधाने काही जणांच्या डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याचा मार्ग अडतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. मुलांमध्ये तो जास्त झपाट्याने वाढू शकतो. बहुधा दुखत नाही, लालीही नसते, उलट डोळा पांढरा स्वच्छ दिसतो. आत मात्र नेत्रचेता मरत जाते. हा काचबिंदू, आणि त्याने गेलेली नजर परत येत नाही. दीर्घ वापराने मोतीबिंदूही होतो, अगदी शाळकरी वयात.

स्टिरॉइड वाईट औषध नाही. बुबुळाला इजा होत असताना तेच लागतं. पण ते मोजक्या दिवसांसाठी, हळूहळू कमी करत आणि डोळ्याचा दाब तपासत द्यायचं असतं. घरात थेंबांची बाटली असेल तर आजच तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. ज्या मुलांना पुन्हा पुन्हा स्टिरॉइड लागतं त्यांच्यासाठी सायक्लोस्पोरिनचे थेंब आणि टॅक्रोलिमसचं मलम आहे. त्यांनी दाब वाढत नाही. मात्र गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला चुरचुरतं, आणि पुष्कळ पालक तेवढ्यातच ते बंद करतात. थोडा धीर धरायला हवा. यातल्या बहुतेक मुलांचा त्रास वयात येताना ओसरतो. तोवर डोळे सांभाळायचे आहेत.

अ‍ॅलर्जी एकाची दुसऱ्याला लागत नाही. साथ समजून शाळा मुलाला घरी पाठवत असेल तर डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी घ्या. मैदानावर टोपी-गॉगल घालू देण्याबद्दल वर्गाच्या बाईंशी बोला, आणि मुलाची जागा खिडकीतल्या उन्हाच्या तिरिपीपासून हलवून घ्या.