एक थर ओळखायचा कसा?

एक मिलिमीटर जाडीच्या ग्रॅफाइटमध्ये कार्बन अणूंचे सुमारे 30 लाख थर एकावर एक बसलेले असतात. थरातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात. दोन थरांमधली ओढ मात्र कमजोर. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कोन्स्तान्तिन नोवोसेलोव यांनी नेमका याचाच फायदा घेतला. चिकटपट्टीने ग्रॅफाइट पुन्हा पुन्हा सोलत त्यांनी अवघ्या एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, सुटा केला. 2004 मध्ये त्यांचा निबंध आला, 2010 मध्ये नोबेल मिळाले आणि चिकटपट्टी जगभर गाजली.

मला विचाराल तर पट्टीचे कौतुक जरा जास्तच झाले. सोलणे कोणालाही जमेल. सोललेल्या असंख्य कपच्यांतून एका थराची कपची हुडकायची, खरा कस तिथे लागतो. ग्राफीन अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम 2.3 टक्के शोषते. ते दिसणार कसे? त्यासाठी कपच्या सिलिकॉनच्या चकतीवर उतरवतात. चकतीवर सिलिकॉन ऑक्साइडचा सुमारे 300 नॅनोमीटरचा लेप असतो. लेपाच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेले किरण एकमेकांत मिसळून चकतीला रंग देतात, आणि त्यावर ग्राफीन बसले की त्या रंगाची छटा किंचित बदलते. साध्या सूक्ष्मदर्शकातून तेवढा फरक कळतो. लेप 300 ऐवजी 315 नॅनोमीटरचा असला, तर तीच कपची दिसेनाशी होऊ शकते!

छटेवरून अंदाज येतो, खात्री नाही. अतिसूक्ष्म सुई फिरवून जाडी मोजावी, तर खाली अडकलेल्या पाण्याच्या पापुद्र्यामुळे 0.34 नॅनोमीटरचा थर कधी कधी नॅनोमीटरभर भरतो. शिक्कामोर्तब करतो तो रामन परिणाम, सी. व्ही. रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात शोधलेला. लेसरचा झोत टाकायचा आणि अणूंच्या कंपनांमुळे विखुरलेल्या प्रकाशाचा रंग किती सरकला ते पाहायचे. थर एकच असेल तर या सरकण्याच्या आलेखावर 2700 या आकड्याजवळ उंच, सडपातळ शिखर दिसते. थर वाढले की ते पसरट होते. 1350 जवळ आणखी एक शिखर डोकावले, तर अणूंच्या जाळीत दोष आहेत असे समजायचे.

एवढे करून एक थर हाती आला, तरी त्या ग्राफीनचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधली वीज चालू-बंद करणारी कळ, नीट बंद होत नाही, कारण त्यात ऊर्जेची दरी (बँड गॅप) नाही. म्हणून अशी दरी असलेले मॉलिब्डेनम डायसल्फाइड पुढे आले. यंत्रांच्या वंगणात वापरतात तेच हे. 2011 मध्ये लोझानच्या आंद्राश किश यांच्या गटाने त्याच्या एका थराचा ट्रान्झिस्टर केला. त्यात चालू आणि बंद अवस्थांतील प्रवाहांचे गुणोत्तर 10 कोटींच्या घरात होते.

आता अडते ते जोडणीपाशी. इतक्या नाजूक थरावर धातूची वाफ बसवताना थर दुखावतो, शिवाय सांध्यावर विजेला अडथळा उभा राहतो. 2021 मध्ये बिस्मथ वापरून हा अडथळा जवळपास नाहीसा करता आला. पण बिस्मथ 271 अंश सेल्सियसला वितळतो, आणि चिपच्या पुढच्या टप्प्यांत तापमान 400 अंशांच्या आसपास जाते. त्यामुळे आता संशोधकांची भिस्त अँटिमनीवर आहे. ते 630 अंशांपर्यंत टिकते.