अतिदीप्त नवताऱ्याचा पृथ्वीला संभाव्य धोका

आयुष्याच्या अखेरीस प्रचंड स्फोट पावणाऱ्या ताऱ्यास अतिदीप्त नवतारा म्हणतात. सूर्याच्या सु. ८ पटींहून अधिक द्रव्यमान असलेल्या ताऱ्यातील इंधन संपले की, त्याचा गाभा स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळतो आणि बाह्य थर वेगाने बाहेर फेकले जातात. काही श्वेत लघुताऱ्यांचेही असे स्फोट होतात. अशा स्फोटाचा पृथ्वीला धोका किती, हे मुख्यतः अंतरावर ठरते. कारण प्रारणाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते.

स्फोटाचा प्रकाश डोळ्यांत भरणारा असला, तरी भय त्याचे नाही. गॅमा किरण, क्ष-किरण आणि मागाहून येणारे विश्वकिरण यांच्यामुळे हवेतील नायट्रोजनाचे रेणू भंग पावून नायट्रोजनाची ऑक्साइडे बनतात व ती स्थितांबरातील ओझोनाचा नाश करतात. मग सूर्याचेच जंबुपार किरण भूपृष्ठावर अधिक प्रमाणात पोहोचतात आणि सागरातील वनस्पतिप्लवकांपासून शेतातील पिकांपर्यंत सर्वांना अपाय होतो. असे गंभीर परिणाम होण्यासाठी स्फोट सु. २५ ते ५० प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागेल, असे गणित सांगते. या टापूत स्फोटाच्या बेतात असलेला एकही तारा ज्ञात नाही.

नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या संभाव्य ताऱ्यांत मृग तारकासमूहातील तांबूस काक्षी (बीटलज्यूज) प्रसिद्ध आहे. आर्द्रा नक्षत्राचा तारा म्हणून सामान्यतः तोच ओळखला जातो. भडगाव, चाळीसगाव या खानदेशातील भागांत पेरणीच्या संदर्भात मृग व आर्द्रा ही नावे घरोघरी परिचित आहेत. मात्र सूर्य आर्द्रा नक्षत्रात असतो तेव्हा, म्हणजे जूनअखेरीस, तो तारा सूर्यतेजात लोपलेला असतो. तो पाहावा हिवाळ्यातील रात्री. २०१९-२० च्या हिवाळ्यात तो एकाएकी मंदावला, तेव्हा स्फोट जवळ आल्याची चर्चा झाली. पुढे त्यानेच बाहेर टाकलेल्या द्रव्यापासून बनलेली धूळ हे त्याचे कारण असल्याचे आढळले. येत्या सु. एक लक्ष वर्षांत त्याचा स्फोट अपेक्षित आहे. तो काही काळ दिवसाही दिसेल, पण सु. ५०० ते ७०० प्रकाशवर्षे दूर असल्याने अपाय करणार नाही. सु. ६,५०० प्रकाशवर्षांवरील १०५४ मधील स्फोट चिनी नोंदींनुसार २३ दिवस भरदिवसा दिसत होता. त्याची भारतीय नोंद जयंत नारळीकर यांनी शोधून पाहिली, पण निर्विवाद अशी हाती लागली नाही.

जवळचे स्फोट पूर्वी झाले असल्याचा पुरावा सागरतळाशी मिळतो. लोह-६० या समस्थानिकाचे अर्धायुष्य सु. २६ लक्ष वर्षे असल्याने पृथ्वीच्या जन्मावेळचा त्याचा साठा केव्हाच संपला; तरी पॅसिफिक, अटलांटिक व हिंदी महासागरांच्या गाळांत आणि कवचांत तो सापडला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनांनुसार सु. १७ ते ३२ लक्ष वर्षांपूर्वी तो पृथ्वीवर येत होता. ते स्फोट सु. ३०० प्रकाशवर्षांच्या आतील असावेत. मानवाचे पूर्वज तेव्हा आफ्रिकेत वावरत होते.

गॅमा किरणांचे स्फोट मात्र याहून कितीतरी लांबून जाणवतात, कारण त्यांची ऊर्जा अरुंद झोतात एकवटलेली असते. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सु. २ अब्ज प्रकाशवर्षांवरून आलेल्या अशा झोताने पृथ्वीचे आयनांबर क्षणकाल विचलित केले. २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ या भारतीय उपग्रहावरील एका क्ष-किरण उपकरणाने असे शेकडो स्फोट टिपले असून ते उपकरण घडविण्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याची आयुका यांचा वाटा आहे.