खाटेपासून उडीपर्यंत

सकाळी ८. जालना रोडवर एमआयडीसीच्या कंपन्यांच्या बसगाड्यांची गर्दी असते. ती ओलांडून चिकलठाण्यातल्या आमच्या रुग्णालयात पोचले की आधी सिस्टरांकडचा औषधांचा तक्ता बघते. दुखण्याची गोळी घेऊन निदान अर्धा तास झाल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही. नाहीतर हालचालीऐवजी दुखणंच मोजलं जातं.

हालचाल मोजणाऱ्या या मोजपट्टीचं नाव डेमी, म्हणजे डी मॉर्टन मोबिलिटी इंडेक्स. नॅटली डी मॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ऑस्ट्रेलियात, रुग्णालयातल्या वृद्धांसाठी तयार केली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केली. खाटेवर कंबर उचलण्यापासून जागच्या जागी उडी मारण्यापर्यंत १५ हालचाली. गुण १९, ते तक्त्यावरून १०० पैकी मांडायचे. मराठी मसुदा कागदावर तयार आहे. मूळ पट्टी न पाहिलेल्यांनी तो उलट इंग्रजीतही नेला. आता तो रुग्णांवर पडताळून बघायचा आहे.

९.३०. करमाडकडच्या आजी, न्यूमोनियातून सावरलेल्या. आमची खुर्ची आम्हीच वॉर्डात आणतो, कारण बैठकीची उंची ४५ सेंटिमीटरच हवी. "आजी, दोन्ही हात छातीशी घ्या आणि न टेकता उठा." आजी पुढे झुकल्या, टाचा मागे ओढल्या, नितंब खुर्चीवरून सुटले, आणि त्याच क्षणी लेकीने मागून काखेत हात घातला. मायेपोटीच घातला. पण गुण पहिल्या प्रयत्नाचेच धरतात. आजी स्वतः उठल्या की उचलल्या गेल्या, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. परदेशी वॉर्डात रुग्णाजवळ बहुधा एकटा फिजिओथेरपिस्ट उभा असतो. इथे लेक, सून, नातू खाटेला धरून असतात. म्हणून आता चाचणीआधीच सांगते, "ताई, तुम्ही जरा पलीकडं बसा, आजींना मी सांभाळते."

उडीची पाळी आली तेव्हा आजींनी पदर सावरला. "या वयात उड्या मारू का, पोरी?" आग्रह करायचा नाही. शून्य गुण, पुढे कारण. नियम सगळीकडे हाच आहे आणि तो मला पटतो. पडण्याची भीती ज्याची त्यालाच ठाऊक.

११. आजींची विश्रांती झाली की माझी सहकारी तीच चाचणी पुन्हा घेते, माझा कागद न बघता. मूळ संशोधनात मोजमापातली चूक साधारण ९ गुणांची निघाली होती आणि रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण सुधारणा १० गुणांची धरली होती. आमच्या दोघींतच त्याहून मोठी तफावत पडली, तर आजी सुधारल्या की चाचणी घेणारी बदलली, हे कसं कळणार?

दुपार आकडे भरण्यात जाते.

३. बदनापूरचे एक शेतकरी बाबा. जमिनीवरचं पेन त्यांनी उकिडवं बसून सहज उचललं. मग खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत बसण्याची, १९९१ पासून वापरात असलेली चाचणी. डेमीचे गुण आणि हे सेकंद एकमेकांशी जुळतात का, ते त्यातून दिसतं. बाबांनी मात्र त्यांचं खरं विचारलं: "मांडी घालून जेवायला बसता येईल ना?" पट्टीत हा प्रश्न नाही. भारतीय शौचालयात बसून उठण्याचाही नाही. आमच्या म्हाताऱ्यांचा निम्मा संसार जमिनीवर चालतो, त्यामुळे ही उणीव मला फार खुपते. पण सोळावी हालचाल घुसवली की गुणांचा तक्ता मोडतो आणि दुसऱ्या देशांतल्या आकड्यांशी तुलना करता येत नाही. म्हणून बाबांचं उत्तर खाली वेगळ्या ओळीत लिहिलं. जमिनीवरून उठण्याची स्वतंत्र, नीट तपासलेली चाचणी मराठी रुग्णांसाठी व्हायलाच हवी.

५. केस पेपर चाळते. 'पेशंट हिंडता-फिरता आहे' ही ओळ जागोजागी दिसते. कालच्यापेक्षा किती, ते तिच्यातून कळत नाही. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या पायांतलं बळ काही दिवसांतच ओसरू लागतं, आणि कित्येकदा आजार बरा होतो, पण चालणं परत येत नाही. ही घसरण वेळेवर दिसावी, एवढ्यासाठी हा आकडा.

घरचं म्हातारं माणूस दवाखान्यात असेल, तर डॉक्टरांना विचारा: त्यांना आज खुर्चीत बसवायचं का? हो म्हणाले, तर उठताना किती आधार द्यायचा तेही विचारून घ्या. जवळ उभे राहा, पण जेवढं स्वतःहून जमतं तेवढं त्यांना करू द्या.