हवा पोहोचली, रक्त पोहोचलं का?

हाताच्या शिरेत टोचलेलं औषध आधी हृदयात जातं आणि तिथून थेट फुप्फुसांत. शरीरभरातून परतणारं रक्त उजव्या कर्णिकेत उतरतं, उजवी जवनिका ते फुप्फुस रोहिणीत ढकलते आणि प्राणवायू घेऊन ते डाव्या बाजूला आल्यावरच मेंदूपासून पावलांपर्यंत वाटलं जातं. निवांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवतं. अख्ख्या शरीराच्या वाट्याला जेवढं रक्त येतं, तेवढंच फुप्फुसांतूनही वाहतं. या वाटेचाच उपयोग करून घेणारी एक तपासणी आहे आणि तिचा धागा ट्रॉम्बेपर्यंत जातो.

ट्रॉम्बेच्या खाडीकाठी ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. पुढे १९६० मध्ये ‘सायरस’ आणि १९८५ मध्ये ‘ध्रुव’ आली. अणुभट्टीत तयार होणारी किरणोत्सारी समस्थानिकं रुग्णांच्या कामी यावीत म्हणून १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. अणुभट्टी म्हटलं की आपल्याला वीज आठवते, नाहीतर बॉम्ब. मला हे तिसरं काम सर्वांत मोलाचं वाटतं.

त्या तपासणीला लागतं टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी समस्थानिक. ‘ध्रुव’मध्येही तयार झालेल्या मॉलिब्डेनम-९९पासून ते मिळतं आणि दर ६ तासांनी त्याची किरणोत्सारिता निम्मी होते. अल्ब्युमिन या प्रथिनाच्या कणांना ते जोडून शिरेत टोचतात. बहुतेक कण १० ते ९० मायक्रॉनचे, तर फुप्फुसातली केशवाहिनी जेमतेम ७-८ मायक्रॉन रुंद. साहजिकच कण तिथे अडकतात. भीतीचं कारण नाही: हजारात एखादीही केशवाहिनी बंद होत नाही आणि काही तासांत कण विरून जातात. तोवर गॅमा कॅमेरा चित्र टिपतो. जिथे रक्त पोहोचलं, तेवढाच भाग त्यात उमटतो.

हवेचं चित्र वेगळं काढतात. किरणोत्सारी द्रवाचा अतिसूक्ष्म फवारा रुग्णाला श्वासातून देतात. त्यासाठीचा नेब्युलायझर ट्रॉम्बेच्याच भाभा अणुसंशोधन केंद्रानेही विकसित केला.

दोन चित्रं कशाला? कारण फुप्फुस स्वतःच हिशोब ठेवतं. इतर अवयवांत प्राणवायू कमी पडला की रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसात मात्र त्या आकसतात. दम्यात एखाद्या भागाची हवा अडली, तर तिथलं रक्त हवा खेळत असलेल्या वायुकोशांकडे वळवलं जातं. तेव्हा दोन्ही चित्रांत एकाच जागी खाच दिसते. पायाच्या शिरेतली गुठळी सुटून फुप्फुस रोहिणीत अडकली, तर गोष्ट उलटी: वायुकोश हवेने भरलेले, पण रक्ताचा पत्ता नाही. हवेचं चित्र भरलेलं आणि रक्ताच्या चित्रात खाच, एवढ्यावरून डॉक्टर गुठळी ओळखतात. अशा रुग्णाला धाप लागते, छातीत दुखतं, आणि स्टेथोस्कोपमधून श्वास अगदी ठीक ऐकू येऊ शकतो.

आता बहुतेक ठिकाणी यासाठी आधी सीटी स्कॅन होतो. तो झटपट होतो. पण त्यातलं आयोडीनयुक्त औषध ज्यांना चालत नाही, त्यांच्यासाठी ही जुनी पद्धत आजही हाताशी आहे. जुन्या, विरघळून न गेलेल्या गुठळ्यांमुळे फुप्फुसातला रक्तदाब वाढला आहे का, हे पाहायला तर तज्ज्ञ आधी हीच तपासणी सांगतात. असा आजार वेळेत सापडला, तर काही रुग्णांच्या गुठळ्या शस्त्रक्रियेने काढता येतात.